जिवलगाने दगा दिल्यानंतर : मंडळ्यांच्या एका आधारवर्गाचे परीक्षण

ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दुःखितांसाठी सोयींची वाण नसते. शोकात असलेल्यांसाठी, व्यसनातून सुटू पाहणाऱ्यांसाठी, संसारात तेढ निर्माण झालेल्या जोडप्यांसाठी वर्ग असतात, प्रार्थनागट असतात, माणसे असतात. मात्र ज्याला त्याच्या प्रार्थनेतल्याच सोबत्याने दगा दिला आहे, त्याने कोणाचे दार ठोठवायचे हा प्रश्न बहुतेक ठिकाणी अनुत्तरित राहतो, कारण जी दारे एरवी उघडी असतात त्यांच्याच आत तो दगा झालेला असतो. काही मंडळ्यांनी एकत्र येऊन अशा विश्वासणाऱ्यांसाठी एक आधारवर्ग सुरू केला आहे. मी तो पूर्ण केला आणि त्याविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. चालकांचे आणि मंडळ्यांचे नाव येथे देत नाही, कारण वर्ग लहान असतो आणि नावावरून सहभागींची ओळख लागू शकते.

वर्गाची रचना साधी आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ मोजक्या माणसांचा गट बसतो, एक निवृत्त पाळक (पास्टर) आणि एक प्रशिक्षित समुपदेशिका दोघे मिळून तो चालवतात, प्रत्येकाला एक छापील पुस्तिका मिळते आणि मध्यंतरी समुपदेशिकेबरोबर स्वतंत्र भेटीही ठरवता येतात. गटात प्रोटेस्टंट होते, कॅथलिक होते, आणि सध्या कोणत्याच मंडळीत जात नाही असे स्पष्टपणे सांगणारेही होते. या शेवटच्या माणसांना कोणी परत येण्याचा आग्रह केला नाही, ही गोष्ट मला पहिल्याच संध्याकाळी आवडली.

हे दुःख इतर फसवणुकीपेक्षा वेगळे का आहे, यापासून वर्गाची सुरुवात होते आणि ती चांगली होते. जेनिफर फ्रेड या मानसशास्त्रज्ञांनी 1990 च्या दशकात असे मांडले की ज्याच्यावर आपण विसंबून असतो त्याच्याकडून झालेली इजा परक्याने केलेल्या इजेपेक्षा निराळ्या रीतीने मनावर परिणाम करते. समुपदेशिकेने हा विचार थोडक्यात सांगून लगेच मंडळीतल्या जीवनाकडे वळवला. एकत्र प्रार्थना करणारी दोन माणसे एकमेकांना जे सांगतात ते एरवी कोणालाही सांगितलेले नसते, कारण पाप कबूल करताना, घरातले दुखणे उघडे करताना, आपण ते देवासमोर ठेवत आहोत आणि समोरचा केवळ साक्षीला आहे अशी भावना असते. मग एके दिवशी तीच गोष्ट प्रार्थनेचा विषय म्हणून दुसऱ्या घरच्या सभेत पोहोचते. तिथे कोणी चहाडी करत नसतो. आवाज खाली आणून, डोळे मिटून, अमक्यासाठी विशेष प्रार्थना करा, असे सांगितले जाते. पुढच्या रविवारी मंडळीच्या दारात चार माणसे तुमचा हात नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ धरून ठेवतात, आणि काय झाले आहे ते तुम्हाला कळते.

गटातील बहुतेकांच्या हकिगती याच वळणाच्या होत्या. पैसे बुडवले, नोकरीत मागे खेचले, अशाही होत्या, परंतु प्रार्थनेच्या मार्गाने गुपित फुटणे हा प्रकार इतक्या जणांच्या बाबतीत यावा याचे समुपदेशिकेला मुळीच आश्चर्य वाटले नाही. त्याचा परिणाम मैत्रीपुरता राहत नाही. सामूहिक प्रार्थनेत तोंड उघडताना प्रत्येक शब्द तोलला जातो, कोण ऐकते आहे याचा अंदाज घेतला जातो, आणि काही दिवसांनी एकट्यानेही प्रार्थना होईनाशी होते, कारण प्रार्थना करण्याची जी सवय लागलेली होती ती त्या माणसाच्या सोबतीनेच लागलेली होती. प्रभूच्या प्रार्थनेतील ऋण सोडण्याच्या, म्हणजे इतरांना क्षमा करण्याच्या, ओळीपाशी आवाज बंद पडतो, असे एकीने सांगितले तेव्हा गटात बराच वेळ कोणी बोलले नाही.

या वर्गातील सर्वांत मोलाचा भाग म्हणजे बायबलमधील 55 व्या स्तोत्रावरील सत्रे. चालकांनी ते स्तोत्र घाईने उरकले नाही. स्तोत्रकर्ता राजा दावीद म्हणतो की निंदा करणारा वैरी असता तर मी ते सहन केले असते, द्वेष करणारा असता तर मी लपून बसलो असतो. पण तो तू होतास, माझ्या बरोबरीचा, माझा सोबती, माझ्या ओळखीचा, आणि आपण जमावाबरोबर देवाच्या घरात मिळून जात होतो. या वचनांपाशी पाळकांनी एक साधी गोष्ट लक्षात आणून दिली. स्तोत्रकर्ता आधी तिसऱ्या पुरुषात बोलत असतो, शत्रूंबद्दल, नगरातल्या हिंसेबद्दल आणि कलहाबद्दल. मध्येच तो थेट त्या मित्राकडे वळून तू म्हणतो, आणि लगेच पुन्हा त्याच्याकडे पाठ फिरवतो. पुढे त्याच मित्राचे बोलणे लोण्याहून मऊ पण मनात युद्ध, असे वर्णन येते. ज्याने दगा सोसला आहे त्याच्या मनातले संभाषण अगदी असेच चालते. दिवसभर त्या माणसाविषयी विचार करता करता अचानक त्याच्याशीच बोलणे सुरू होते, अंघोळ करताना, रस्त्याने जाताना, आणि ते मध्येच तुटते.

परंपरेने हे स्तोत्र दावीदाचा मुलगा अबशालोम याच्या बंडाशी आणि अहीथोफेलाशी जोडले जाते. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात अहीथोफेल हा दावीदाचा मंत्री आहे, त्याचा सल्ला देवाला प्रश्न विचारून मिळालेल्या उत्तरासारखा मानला जाई, आणि तोच अबशालोमाला जाऊन मिळतो. पुढे त्याचा सल्ला मानला जात नाही तेव्हा तो आपल्या गावी जाऊन, घराची व्यवस्था लावून गळफास घेतो. पाळकांनी आणखी एक शक्यता पुढे केली. अहीथोफेलाचा मुलगा एलीयाम असे 23 व्या अध्यायात येते आणि बथशेबेच्या पित्याचे नावही एलीयामच आहे. हे दोघे एकच असतील तर अहीथोफेल बथशेबेचा आजोबा ठरतो, आणि त्याच्या दग्यामागे दावीदाने अहीथोफेलाच्या नातीच्या घरावर आणलेला अनर्थ, म्हणजे तिला आपल्याकडे आणून तिच्या नवऱ्याला मारवणे, असू शकतो. शास्त्रात हे कोठेही सांगितलेले नाही, हे त्यांनी स्वच्छपणे सांगितले. तरीही हा तर्क ऐकून गटातील दोघे अस्वस्थ झाले, कारण दगा सोसणाऱ्याला आपलीच चूक दाखवली जाते आहे असे त्यांना वाटले. ती अस्वस्थता रास्त होती. असा मुद्दा इतक्या लवकर मांडू नये, असे माझे मत आहे.

याच स्तोत्रात शत्रू जिवंतपणी अधोलोकात उतरोत अशी मागणी करणारे एक वचन आहे. 1970 साली पोप सहावे पॉल यांनी मान्यता दिलेल्या नव्या कॅथलिक दैनिक प्रार्थनाविधीतून 58, 83 आणि 109 ही तीन स्तोत्रे पूर्ण वगळण्यात आली आणि इतर काही स्तोत्रांतील शापवचने गाळण्यात आली. 55 व्या स्तोत्रातले हे वचन त्यांपैकी एक आहे. गटातील एका कॅथलिक सहभागीने ही माहिती दिल्यावर चांगली चर्चा झाली. सार्वजनिक प्रार्थनेत, जिथे म्हणणाऱ्या शंभर जणांपैकी नव्व्याण्णवांच्या मनात त्या क्षणी कोणाचाही सूड नसतो, तिथे असे वचन खटकते हे समजू शकते. पण आमच्या गटात ते मोठ्याने वाचले गेले, आणि जी माणसे आठवडेच्या आठवडे सौम्य, समंजस, क्षमाशील भाषेत बोलत होती त्यांच्यापैकी एकाचा आवाज त्या ओळीवर प्रथमच स्वाभाविक वाटला. राग देवापुढे मांडणे आणि राग त्या माणसावर काढणे यांतला फरक व्याख्यानातून समजत नाही. तो त्या वाचनाने समजला.

त्यानंतर प्रत्येकाने स्वतःचे विलापस्तोत्र लिहायचे होते. अट एकच होती की शेवट आशादायक करण्याची सक्ती नाही. 88 वे स्तोत्र स्नेही दूर गेल्याच्या तक्रारीने आणि अंधारातच संपते, ते पवित्र शास्त्रात तसेच ठेवले गेले आहे, हा त्यासाठी दाखला देण्यात आला. मंडळीतल्या साक्षींची आपल्याला इतकी सवय झालेली असते की प्रत्येक दुःखाच्या शेवटी विजयाचे वाक्य यावेच लागते. ती सवय या एका सूचनेने मोडली.

येशू आणि त्याला धरून देणारा शिष्य यहूदा इस्कर्योत यांच्यावरील सत्र अपेक्षेपेक्षा संयत निघाले. आपल्या मित्राला यहूदा म्हणण्याचा मोह प्रत्येकाला होतो आणि तो झालाही. पाळकांनी त्यावर उपदेश केला नाही; शेवटच्या भोजनाच्या वेळी, तुमच्यापैकी एक जण मला धरून देईल, हे ऐकून शिष्यांपैकी प्रत्येकाने, प्रभू, मी तो आहे काय, असे विचारले होते, एवढेच त्यांनी मत्तयाच्या शुभवर्तमानातून वाचून दाखवले आणि पुढे गेले. अधिक वेळ त्यांनी योहानाच्या शुभवर्तमानातील 13 व्या अध्यायाला दिला. कोण धरून देणार हे येशूला ठाऊक होते, त्याने त्याचेही पाय धुतले, आणि तरीही ते बोलून दाखवताना तो आत्म्यात व्याकूळ झाला असे योहान लिहितो. आधीपासून माहीत असूनही व्याकूळ होणे म्हणजे विश्वासाचा अभाव नव्हे, हे येथे इतके सरळ आहे की त्यावर वेगळे भाष्य लागू नये. ज्यांना मंडळीत, तुम्ही अजून त्यातून बाहेर आला नाहीत का, असे विचारले जाते त्यांनी हा अध्याय सावकाश वाचावा.

येथवर वर्ग उत्तम होता. क्षमेच्या सत्रापासून मात्र त्याची गती बिघडली.

शिष्य पेत्राने, सात वेळा क्षमा करावी का, असे विचारल्यावर येशूने दिलेले साताच्या सत्तर पटींचे उत्तर आणि त्यापाठोपाठ येणारा दहा हजार तलांतांचे प्रचंड कर्ज माफ होऊनही दुसऱ्याला न सोडणाऱ्या चाकराचा दाखला एका बैठकीत सांगून झाला, आणि त्याच बैठकीच्या शेवटी मित्राला पत्र लिहिण्यास सांगितले गेले. पुढच्या आठवड्यात ते पाठवले का, अशी विचारपूस झाली. विचारणाऱ्यांचा हेतू प्रेमळ होता, पण विलापासाठी इतका अवकाश देणाऱ्या वर्गाने क्षमेसाठी एक आठवडा द्यावा हे मला पटले नाही. विशेष म्हणजे चालकांच्या स्वतःच्या पुस्तिकेत या घाईवरचा उपाय छापलेला होता. एव्हरेट वर्दिंग्टन या ख्रिस्ती मानसशास्त्रज्ञांनी क्षमेचा निर्णय आणि भावनेतली क्षमा या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या आहेत. सूड घेणार नाही हे मनुष्य आज ठरवू शकतो, पण त्या माणसाचे नाव ऐकल्यावर पोटात पडणारा खड्डा निर्णयाने बुजत नाही. पुस्तिकेतले हे पान सत्रात उघडलेच गेले नाही.

उत्पत्तीच्या पुस्तकातील योसेफाची कथाही दोन वाक्यांत आटोपली, आणि माझ्या मते ही या वर्गातली सर्वांत मोठी उणीव आहे. भावांनी वीस रुप्याच्या नाण्यांना विकले तेव्हाच्या वृत्तांतात योसेफाचे वय 17 दिलेले आहे, मिसरच्या राजापुढे, फारोपुढे, उभा राहिला तेव्हा तो 30 वर्षांचा होता, आणि सुकाळाची सात व दुष्काळाची दोन वर्षे सरल्यावर त्याने भावांना आपली ओळख दिली. म्हणजे मध्ये वीसहून अधिक वर्षे गेली होती. शिवाय ओळख देण्यापूर्वी त्याने भावांपैकी शिमोनाला ठेवून घेतले, त्यांच्या गोण्यांत पैसे परत ठेवले, धाकट्या बन्यामिनाच्या गोणीत आपला रुप्याचा प्याला लपवला, आणि भाऊ धाकट्याला सोडून निघून जातात का ते पाहिले. ज्याने त्याला विकण्याचा विचार मांडला होता तोच भाऊ यहूदा (येशूचा शिष्य नव्हे) बन्यामिनाच्या जागी गुलाम राहण्यास तयार झाला, तेव्हा योसेफाला रडू आवरले नाही. पश्चात्ताप झाला आहे की नाही हे पाहण्याची मुभा दगा सोसणाऱ्याला आहे, ही बाब या कथेतून जितकी स्पष्ट होते तितकी दुसऱ्या कोणत्याही उताऱ्यातून होत नसेल. आणि इतके होऊनही, पिता याकोब याच्या मृत्यूनंतर भावांना पुन्हा भीती वाटतेच.

क्षमा, समेट आणि विश्वास या तिन्ही गोष्टी एकाच दिवशी घडल्या पाहिजेत असा समज मंडळीत खोलवर रुजलेला आहे, आणि वर्गाने तो पुरेसा हलवला नाही. गटात एकाने प्रेषित पौलाचे आपला सहकारी तीमथ्य याला लिहिलेले दुसरे पत्र काढले. शेवटच्या अध्यायात पौल लिहितो की माझ्या पहिल्या जबाबाच्या वेळी सर्वांनी मला सोडले, ते त्यांच्या हिशेबी धरले न जावो. आणि त्याच्या किंचित आधी, आलेक्सांद्र तांबटाने माझे पुष्कळ वाईट केले, त्याच्याविषयी तूही जपून राहा. हिशेब न धरणे आणि जपून राहणे ही दोन्ही एकाच माणसाच्या लेखणीतून, एकाच पानावर आली आहेत. चालकांनी हा मुद्दा मान्य केला, पण तो सहभागीकडून यावा लागला.

मत्तयाच्या 18 व्या अध्यायातील क्रमाविषयीही थोडे लिहायला हवे. प्रथम एकट्याने जाऊन अपराध दाखवावा, ऐकले नाही तर एकदोघांना बरोबर न्यावे, तरीही ऐकले नाही तर मंडळीला सांगावे, हा क्रम वर्गात जसाच्या तसा शिकवला गेला. दोन बरोबरीच्या मित्रांमध्ये तो शहाणपणाचा आहे, कारण त्यामुळे निदान सोसणारा तरी दुसऱ्या कोणाकडे आधी बोलत नाही. परंतु दगा देणारा मंडळीत अधिकारावर असेल, किंवा घडलेली गोष्ट पैशांचा अपहार अथवा शारीरिक छळ अशी गुन्ह्याच्या स्वरूपाची असेल, तर एकट्याने जा हा सल्ला धोक्याचा ठरतो, आणि अशा प्रकरणाची जागा कायद्यापुढे आहे. हे वाक्य पुस्तिकेच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत असायला हवे; ते कोठेच नाही.

गुप्ततेच्या बाबतीत मात्र वर्गाला पूर्ण गुण दिले पाहिजेत. सुरुवातीला प्रत्येकाने एका कागदावर सही केली, हकीगत सांगताना मित्राचे नाव, मंडळी आणि पद सांगायचे नाही असे ठरले, आणि शेवटच्या सामूहिक प्रार्थनेत कोणाच्याही हकिगतीचा उल्लेख करायचा नाही हा नियम कडकपणे पाळला गेला. एकदा एका सहभागीने प्रार्थनेत दुसऱ्याच्या घरातली गोष्ट ओझरती काढली, तेव्हा पाळकांनी त्याचे वाक्य पूर्ण होऊ न देता शांतपणे, आमेन, म्हटले. नंतर त्यांनी हेही स्पष्ट केले की कॅथलिक कबुलीसंस्कारातली गुप्तता धर्मगुरूला कोणत्याही कारणाने मोडता येत नाही, पण अशा गटाला ते संरक्षण नसते; येथे केवळ माणसांचा शब्द असतो, म्हणून जे बाहेर गेलेले अजिबात चालणार नाही ते गटात न सांगता समुपदेशिकेला स्वतंत्रपणे सांगावे. इतका प्रामाणिक इशारा मी मंडळीच्या कोणत्याही कार्यक्रमात यापूर्वी ऐकलेला नव्हता.

स्वतंत्र भेटी उपयुक्त आहेत. समुपदेशिका झोप, भूक आणि कामातले लक्ष यांबद्दल आधी विचारते, वचने नंतर काढते, आणि गरज वाटल्यास डॉक्टरांकडे जाण्यास सांगते. पुस्तिकेची छपाई चांगली असली तरी प्रत्येक सत्राच्या शेवटी आपले दुःख एक ते दहाच्या मापात नोंदवायला लावणारी चौकट मला निरर्थक वाटली. बहुतेकांनी ती कोरी सोडली.

पाचपैकी साडेतीन गुण मी देईन. घाव अगदी ताजा असेल तर पहिली विलापाची सत्रे करावीत आणि पत्र लिहिण्याच्या सत्राला तूर्त हजर राहू नये. चालकांना तसे सांगितल्यास ते आग्रह धरत नाहीत. दगा देणारी व्यक्ती याच मंडळ्यांपैकी एखाद्या मंडळीत असेल तर नाव नोंदवण्यापूर्वी समुपदेशिकेशी बोलून घ्यावे.

शेवटी, वर्गाने न घेतलेला एक विषय. दगा देणारा आणि सोसणारा पुढल्या रविवारी प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर व द्राक्षारस घेण्याच्या, एकाच रांगेत उभे असतात, आणि सोसणाराच अनेकदा मागे राहतो, कारण वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट कर, हे वचन त्याला आठवत असते. मत्तयाचा 5 वा अध्याय नीट वाचला तर तेथे आज्ञा कोणाला आहे ते दिसते: तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे तुला आठवले, तर तू जा. म्हणजे तेथे उठून जायचे आहे ते ज्याच्यावर गाऱ्हाणे आहे त्याने. गाऱ्हाणे असलेल्याने भोजनापासून दूर राहावे असे त्या वचनात नाही. मी हे शेवटच्या संध्याकाळी विचारले, तेव्हा पाळकांनी वही काढून प्रश्न लिहून घेतला आणि पुढच्या वर्गात यासाठी एक पूर्ण सत्र ठेवू असे सांगितले. ते सत्र खरोखर ठेवले गेले तर तेवढ्यासाठी मी पुन्हा नाव नोंदवीन.